गिअर-बदलातील दोषासाठी पिकअप परत बोलावली जाते तेव्हा : खान्देशातील मालक-चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गिअरच्या दोषापायी पिकअप लाखांच्या संख्येने परत बोलावल्याची बातमी मोबाइलवर फिरू लागली, की सावद्याच्या केळीपासून नंदुरबारच्या मिरची पथारीपर्यंत माल वाहणारे गाडीवाले एकच चौकशी करतात : आपली गाडी त्यात आहे का? वाहनांच्या कागदपत्रांचे काम करताना हा प्रश्न आणि त्याला चिकटून येणारे बाकीचे प्रश्न आमच्या टेबलावर इतक्या वेळा आले, की त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे वाटले.

रिकॉल म्हणजे नेमके काय? कंपनी गाडी काढून घेते का?

नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या रचनेत, सुट्या भागात किंवा जुळणीत सुरक्षिततेला बाधा आणणारी चूक राहिली होती, असे उघड झाल्यावर त्या ठरावीक काळात बनलेल्या गाड्या तपासणीसाठी परत बोलावून ती चूक कंपनीच्या खर्चाने दुरुस्त करून देणे, याला रिकॉल म्हणतात. बहुतेक वेळा काम काही तासांचे असते आणि गाडी संध्याकाळी घरी येते. गाडीचे सर्वच पैसे परत देणे किंवा बदली गाडी देणे हेही कायद्यात आहे, परंतु तशी वेळ क्वचित येते.

रिकॉल आणि सर्व्हिसिंग यांची गल्लत करू नये. सर्व्हिसिंग आपल्या वापरामुळे झालेल्या झिजेसाठी असते आणि त्याचे बिल आपण भरतो, तर रिकॉल हे कंपनीकडून आपल्याला येणे असलेले काम आहे. आपल्याकडे मात्र रिकॉलचा फोन आला की ‘गाडी आता विकली जाणार नाही’ म्हणून ती गोष्ट लपवण्याकडे कल असतो. दुरुस्ती करून घेतलेली आणि तसा कागद जवळ असलेली गाडी न केलेल्या गाडीपेक्षा घेणाऱ्यासाठी केव्हाही चांगली असते, हे बाजाराला अजून उमगलेले नाही.

अमेरिकेतल्या बातमीतला दोष कोणता होता?

ज्या बातमीबद्दल सर्वाधिक विचारणा होते ती जून २०२४ मधली आहे. फोर्ड कंपनीने २०१४ या मॉडेल वर्षाच्या सुमारे साडेपाच लाख एफ-१५० पिकअप परत बोलावल्या. त्यांच्यात सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या दांड्याचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो आणि त्याच्या संदेशावर इंजिनचा कॉम्प्युटर कोणता गिअर हवा ते ठरवतो. हा संदेश मध्येच तुटला, तर कॉम्प्युटरचा समज चुकायचा आणि वेगात चाललेली गाडी अचानक खाली, थेट पहिल्या गिअरवर उतरण्याची शक्यता निर्माण व्हायची. तसे झाले की मागची चाके एकदम दाबल्यासारखी मंदावतात, प्रसंगी घसरतात, आणि चालकाचा गाडीवरचा ताबा जाऊ शकतो. त्यात आणखी एक धोका असा की चालकाने ब्रेकवर पाय ठेवलेलाच नसल्यामुळे मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून पाठीमागून येणाऱ्याला पुढची गाडी मंदावली आहे हे कळायला उशीर होतो. उपाय कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर बदलण्याचा होता आणि तो मोफत होता. याच दोषासाठी त्याआधीच्या, म्हणजे २०११ ते २०१३ च्या गाड्याही पूर्वी परत बोलावल्या गेल्या होत्या.

गिअरशी संबंधित रिकॉल याच एका प्रकारचे नसतात. २०१७ च्या अखेरीस ‘राम’ नावाच्या अमेरिकी पिकअपच्या सुमारे १८ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण ब्रेक न दाबता लिव्हर ‘पार्क’मधून (ऑटोमॅटिक गाडी उभी ठेवण्याच्या खाचेतून) हलू नये यासाठी असलेली खिटी तापून अडकत होती, आणि मग नुसत्या धक्क्यानेही गाडी पार्कमधून सुटू शकत होती. २०१८ मध्ये एफ-१५० च्याच काही नव्या गाड्यांत गिअरची केबल धरून ठेवणारी क्लिप नीट बसवलेली नसल्याचे आढळले. अचानक खालचा गिअर पडणे, थांबलेली गाडी घरंगळणे आणि लिव्हर एक सांगत असताना आत दुसरेच असणे, हे तीन दोष निरनिराळे आहेत. बातमी वाचताना आपण कोणत्या दोषाबद्दल वाचत आहोत हे आधी पाहावे.

एफ-१५० तर आपल्याकडे दिसतही नाही. मग खान्देशातल्या मालकाने काळजी का करावी?

त्या विशिष्ट रिकॉलपुरती काळजी करण्याचे कारण नाही, कारण ती गाडी कंपनीने भारतात अधिकृतपणे विकलेली नाही. आपल्या रस्त्यांवरच्या मालवाहू पिकअप जवळजवळ सगळ्या हाताने गिअर टाकायच्या आहेत, त्यामुळे कॉम्प्युटरने आपणहून पहिला गिअर टाकण्याचा प्रश्न त्यांच्यात उद्भवत नाही. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या येथे विकल्या जातात, मात्र केळी आणि कापूस वाहणाऱ्यांच्या दारात त्या सहसा नसतात.

परंतु दोषाची जात आपल्यालाही लागू आहे. भारतातही २०२२ च्या नोव्हेंबरात महिंद्राने आपल्या दोन मॉडेलच्या मॅन्युअल गिअरच्या सुमारे १९ हजार गाड्या क्लचच्या बेल हाउसिंगमधील (क्लचभोवतीच्या कवचातील) रबरी बेलो, म्हणजे घडीचे रबरी आवरण, तपासण्यासाठी परत बोलावल्या. त्याच कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअपही तपासणीसाठी बोलावल्या होत्या, मात्र ते काम द्रव वाहून नेणाऱ्या नळीच्या जुळणीचे होते, गिअरचे नव्हते. पिकअपसारख्या ‘राबत्या’ गाडीला रिकॉल लागू होत नाही, हा गैरसमज निदान या दुसऱ्या उदाहरणाने दूर व्हावा.

लिव्हर पहिल्या गिअरमध्ये आहे आणि गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, असे कसे होऊ शकते?

आपल्या हातातला लिव्हर आणि खालचा गिअरबॉक्स यांची थेट गाठ आजच्या बऱ्याच गाड्यांत नसते. मध्ये केबल असते. केबलचे टोक गिअरबॉक्सवरच्या आर्मच्या खुंटीवर एका छोट्या प्लॅस्टिकच्या किंवा रबरी बुशने बसवलेले असते. बोटाच्या पेराएवढा हा बुश झिजला, चिरला किंवा खुंटीवरून निसटला, की लिव्हर नेहमीच्या जागी जातो, हाताला गिअर पडल्यासारखे वाटते, पण खाली आर्म हललेलाच नसतो.

एका मिस्त्रीने असा निकामी बुश एकदा आमच्या टेबलावर आणून ठेवला होता. वरून काळा, चकचकीत, साबूत दिसत होता, पण नखाने कडेला दाबल्याबरोबर सुक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा त्याचा तुकडा पडला. ज्या गाडीतून तो निघाला तिचा चालक महिनाभर “गियर पडी नही राह्यना” एवढेच सांगत होता आणि मालक त्याला क्लच नीट दाबायला सांगत होता.

फोर्डने २०२२ च्या जूनमध्ये सुमारे २९ लाख मोटारी याच बुशपायी परत बोलावल्या. त्या पिकअप नव्हत्या, पण दोष नेमका हाच होता, आणि बुशचा पदार्थ ठिसूळ होण्यास उष्णता व दमटपणा हातभार लावू शकतात असे कारण पुढे आले होते. उपाय म्हणून बुश बदलून वर संरक्षक टोपी बसवण्यात आली. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात तापणाऱ्या जळगाव-भुसावळच्या सपाटीवर दिवसभर चालून पुढे पावसाळाभर सातपुड्याच्या चिखलात फिरणाऱ्या गाडीच्या मालकाने हे कारण दोनदा वाचावे.

दोष आणि साधी झीज यांतला फरक चालकाला कसा कळेल?

खात्रीने सांगणे तपासणीशिवाय शक्य नाही, पण काही खुणा बोलक्या असतात. लिव्हर पातेल्यात पळी फिरावी तसा सैल फिरणे, न्यूट्रलची जागा न सापडणे, उतारावर पाय सोडल्यावर लिव्हर आपोआप गिअरमधून बाहेर येणे, रिव्हर्स टाकल्यावर गाडी पुढे सरकणे किंवा जागची न हलणे, या खुणा दिसल्या तर ती गाडी त्याच दिवशी तपासून घ्यावी. गिअर टाकताना करकर आवाज येत असेल तर कारण बहुधा क्लच किंवा सिंक्रोनायझरची (गिअरचे वेग जुळवणाऱ्या भागाची) झीज हे असते. तो खर्चाचा विषय आहे, रिकॉलचा असेलच असे नाही.

गाडीचे वय आणि किलोमीटर हीही खूण आहे. दोन लाख किलोमीटर राबलेल्या गाडीचा गिअर निसटू लागला तर ती झीज समजावी, पण तीच तक्रार वर्षभराच्या आतल्या गाडीत आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या दोघा-तिघांच्या गाडीतही असेल, तर चालकाच्या हाताला दोष देणे थांबवावे.

भारतात रिकॉलचा कायदा आहे का, की सगळे कंपनीच्या मर्जीवर?

२०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने पाळायची एक आचारसंहिता होती आणि बरीच वर्षे काम तिच्यावरच चालले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ घातले गेले, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना हानी पोहोचू शकते असे दिसल्यास केंद्र सरकार उत्पादकाला त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मालकांच्या ठरावीक प्रमाणातील तक्रारींवरून, चाचणी संस्थेच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने मिळालेल्या माहितीवरून असा आदेश निघू शकतो. त्यानंतर उत्पादकाने वाहन दुरुस्त करून द्यावे, तसेच किंवा त्याहून चांगले वाहन बदलून द्यावे, अथवा कर्जाचा करार लक्षात घेऊन पूर्ण किंमत परत करावी, असे कलम सांगते. दंड वाहनाचा प्रकार आणि संख्या यांनुसार १० लाख रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. उत्पादकाने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला तर त्याला दंड भरावा लागत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक रिकॉल ‘स्वेच्छेने’ जाहीर होतात त्यामागे हेही एक कारण आहे.

सात वर्षांची अट काय आहे?

सक्तीच्या रिकॉलचे नियम उत्पादनाच्या किंवा आयातीच्या तारखेपासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू आहेत. कंपनीला स्वतःहून त्याहून जुन्या गाड्या बोलावण्यास मनाई नाही. अमेरिकेत पहिल्या खरेदीपासून १५ वर्षांपर्यंत रिकॉलची दुरुस्ती मोफत देण्याचे बंधन आहे. खान्देशात दहा-बारा वर्षांची पिकअप ही तरणीताठी गाडी मानली जाते, त्यामुळे आपली सात वर्षांची मर्यादा आम्हाला तोकडी वाटते.

माझी गाडी यादीत आहे का, हे कसे पाहायचे?

रिकॉल मॉडेलच्या नावावर ठरत नाही. तो चेसिस नंबरावर ठरतो. एकाच दिवशी एकाच शोरूममधून घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक यादीत असू शकते आणि दुसरी नसू शकते, कारण सदोष सुटा भाग एखाद्या पुरवठादाराच्या ठरावीक खेपेतून आलेला असतो. आरसीवर लिहिलेला १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत वर्कशॉपला देऊन विचारावे. आरसीवरचा नंबर गाडीच्या चेसिसवर कोरलेल्या नंबराशी एकदा ताडून पाहावा. मालवाहू पिकअपवर चिखल आणि ग्रीसचा थर इतका जाड असतो की कोरलेला नंबर वाचायला आधी घासलेट आणि चिंधी लागते.

गाडी सेकंडहँड घेतली आहे आणि आरसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे. कळवणार कोणाला?

आमच्या मते खान्देशातल्या रिकॉलचे खरे दुखणे येथे आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

कंपनीचे पत्र किंवा फोन तिच्या नोंदीत असलेल्या माणसाला जातो. गाडी नवी घेताना जो पत्ता आणि जो मोबाइल नंबर दिला, तोच बहुधा तेथे असतो. आता एका पिकअपचा नेहमीचा प्रवास पाहा. पहिला मालक धुळ्याचा, हप्ते थकले, फायनान्स कंपनीने गाडी ओढून नेली, लिलावात ती मालेगावच्या व्यापाऱ्याने उचलली, त्याने चोपड्याच्या एका दलालाला दिली आणि तेथून ती यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या अंगणात आली. गाडी पाच हातांतून गेली, आणि कागदावर मालक अजून धुळ्याचाच. रिकॉलचे पत्र धुळ्याला जाते, तेथला माणूस ‘गाडी तर केव्हाच गेली’ म्हणून ते बाजूला ठेवतो, आणि यावलची गाडी त्याच बुशवर, त्याच क्लिपवर माल वाहत राहते. सगळ्यांत धोक्याची गाडी म्हणजे जिचा मालक कागदावर एक आणि स्टिअरिंगवर दुसराच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० त्याचसाठी आहेत. पुष्कळांकडे हे फॉर्म सह्या करून, तारखेची जागा कोरी ठेवून, डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेले असतात. विकणाऱ्याला वाटते आपण मोकळे झालो, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर नाव असलेलाच मालक धरला जाईल असे स्पष्ट केले आहे. म्हणजे पत्र न पोहोचल्याने धोका घेणाऱ्याच्या जिवाला आणि विकणाऱ्याच्या खिशाला, दोघांनाही आहे.

नाव चढायला वेळ लागत असला तरी रिकॉलची दुरुस्ती तोवर अडवून ठेवण्याचे कारण नाही. दोष गाडीत असतो, नावात नसतो. आरसीची प्रत, चेसिस नंबर आणि आपले ओळखपत्र घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे, यादीत तपासायला सांगावे, आणि त्याच वेळी आपला मोबाइल नंबर व गावाचा पत्ता कंपनीच्या नोंदीत टाकून घ्यावा. ही पाच मिनिटांची गोष्ट पुढच्या रिकॉललाही उपयोगी पडते.

वर्कशॉपमध्ये काही पैसे द्यावे लागतात का?

रिकॉलच्या कामाचे सुटे भाग आणि मजुरी दोन्ही मोफत असतात. गाडी तेथे आहेच म्हणून ऑइल, फिल्टर, ब्रेक लायनर असे बाकीचे काम सुचवले जाते आणि मग दोन्हींचे मिळून एक बिल हाती पडते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) रिकॉलचे काम वेगळे लिहून घ्यावे आणि त्याच्यापुढे शून्य रक्कम आहे हे पाहूनच सही करावी. काम झाल्यावर बदललेला जुना भाग निदान डोळ्यांनी पाहायला मागावा. जॉब कार्डची प्रत आरसीबरोबर जपून ठेवावी, कारण पुढे गाडी विकताना किंवा अपघाताचा दावा लढताना हाच कागद कामाला येतो.

बुडालेल्या दिवसाचे भाडे मात्र आपोआप कोणी देत नाही. धडगाव किंवा मोलगीच्या गाडीवाल्याला अधिकृत वर्कशॉपसाठी सातपुडा उतरून यावे लागते, त्याचे डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. शक्य असल्यास आधी फोन करून सुटा भाग आला आहे याची खात्री करावी आणि वेळ ठरवूनच निघावे. रिकॉल जाहीर झाल्याबरोबर सगळीकडे भाग पोहोचलेले नसतात.

गावातल्या मिस्त्रीने तो भाग आधीच बदलला आहे. आता जाण्याची गरज आहे का?

आहे. मिस्त्रीने तात्पुरता इलाज केलेला असतो, आणि तो वाईटच असतो असे नाही, परंतु त्याने बाजारात मिळालेला जो बुश बसवला तो जुन्याच रचनेचा असू शकतो. कंपनी रिकॉलमध्ये बहुधा बदललेल्या रचनेचा भाग देते. तार गुंडाळून किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून केबल बसवली असेल तर क्षणाचाही विचार करू नये. मिस्त्रीला दिलेल्या पैशांची पावती असेल तर ती वर्कशॉपला दाखवून परताव्याची मागणी लेखी करावी. मिळेलच असे सांगता येत नाही, पण न मागता तर नक्कीच मिळत नाही.

‘तुम्ही ओव्हरलोड भरता म्हणून गिअर गेला’ असे सांगून परत पाठवले तर?

हे उत्तर आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या गाड्या ओव्हरलोड असतातही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास कायद्याने २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय गिअरबॉक्स आणि क्लच लवकर झिजतात हेही खरे. पण चेसिस नंबर यादीत असेल, तर दोष गाडी कारखान्यातून निघतानाच होता असे कंपनीनेच मान्य केलेले असते. तेव्हा वर्कशॉपने तोंडी नकार दिल्यास कारण लेखी मागावे. लेखी म्हटले की बऱ्याच वेळा काउंटरच्या मागचा सूर बदलतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी की उभी ठेवावी?

कंपनीच्या सूचनेत ‘चालवू नका’ असे लिहिले असेल तर उभीच ठेवावी. तसे नसेल आणि हंगामामुळे गाडी थांबवणे शक्य नसेल, तर एक गोष्ट पक्की धरावी की गिअर म्हणजे ब्रेक नाही. आपल्याकडे पिकअप उभी करताना पहिला गिअर टाकून उतरण्याची सवय आहे. हॅन्डब्रेकची केबल सैल पडलेली असते, ती आवळायला कोणाला सवड नसते, आणि मग गाडी थांबवण्याचा सारा भार एकट्या गिअरवर येतो. तोच गिअर लिव्हरपुरता पडलेला असेल तर गाडीला धरणारे काहीच उरत नाही.

रावेर तालुक्यात एका केळीच्या बागेत हे आम्ही समोर पाहिले. पाटाच्या कडेला किंचित उतारावर पिकअप मागे लावलेली होती, हौद्यात पाला अंथरून घड रचणे चालू होते. चालक खाली उतरून तंबाखू मळत होता. निम्मा माल भरल्यावर गाडी आवाज न करता वीतभर मागे सरकली. मागे खांद्यावर घड घेतलेली बाई उभी होती. एका मजुराने पायाजवळचा दगड चाकाखाली सरकवला आणि गाडी थांबली. चालक म्हणाला, “गिअरमध्येच लावली होती.” केबिनमध्ये पाहिले तर लिव्हर खरोखर पहिल्यात होता.

त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत गाडी शक्यतो सपाटीवर लावावी, हॅन्डब्रेक आधी आवळून घ्यावा आणि प्रत्येक वेळी पूर्ण ओढावा, माल भरताना व उतरवताना चाकाला लाकडी ठोकळा किंवा दगड लावावा आणि कोणालाही गाडीच्या उताराकडच्या बाजूला उभे राहू देऊ नये. चढाकडे तोंड असेल तर पहिला आणि उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा, पण त्याच्यावर विसंबू नये. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘पी’ दिसतो म्हणून इंजिन चालू ठेवून खाली उतरू नये. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या त्या, लिव्हर मधल्या जागी परत येत असल्यामुळे चालक ‘पार्क’ झाले असे समजून उतरत होते म्हणून.

घाटात उतरताना गिअर निसटला तर काय करावे?

कन्नड घाट, कोंडाईबारी, बिजासन किंवा चरणमाळ, यांपैकी कोणताही घाट भरलेल्या गाडीने उतरणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. इंजिन बंद करू नये, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. ब्रेक ठामपणे दाबून वेग आधी कमी करावा, उगाच पुन्हा पुन्हा टेकवत राहू नये. वेग उतरल्यावर पुन्हा खालचा गिअर टाकून पाहावा. तो लागत नसेल तर चारही इंडिकेटर लावून, दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला गाडी घेऊन, हॅन्डब्रेक हळूहळू ओढत थांबावे आणि थांबल्याबरोबर चाकांना दगड लावावेत. तेथून पुढे गाडी ओढूनच न्यावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारून घाट उतरवणारे चालक ही अवस्था स्वतःहून ओढवून घेतात.

ऑटोमॅटिक गाडी वेगात असताना एकदम खालचा गिअर पडला, तर स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे, जोरात ब्रेक मारू नये, मागच्यांना दिसावे म्हणून चारही इंडिकेटर लावावेत आणि गाडी कडेला घ्यावी.

माझ्या गाडीत दोष आहे, पण कंपनीने रिकॉल जाहीरच केलेला नाही. तक्रार कोठे करावी?

पहिली लेखी तक्रार डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला द्यावी व तिचा क्रमांक घ्यावा. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवण्याची सोय आहे, तेथे नोंद करावी. मालकांच्या तक्रारींची संख्या ठरावीक प्रमाणापर्यंत गेल्याशिवाय त्या मार्गाने चौकशी पुढे सरकत नाही, म्हणून चहाच्या टपरीवर दहा जणांनी एकमेकांना सांगितलेली तक्रार तेथे एकदाही नोंदली गेली नाही, तर सरकारच्या लेखी दोषच नसतो. अमेरिकेतही तक्रारी साठल्यावरच तेथली वाहन सुरक्षा संस्था चौकशी उघडते.

तक्रारीत ‘गिअर खराब आहे’ एवढेच लिहू नये. किती किलोमीटरला, कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, भरलेल्या की रिकाम्या गाडीत, चढावर की उतारावर घडले, ते लिहावे. लिव्हर सैल फिरत असल्याचा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगतो.

दोषामुळे अपघात झाला तर भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे उत्पादकाकडे भरपाई मागता येते. पिकअपवाल्यांसाठी एक अडचण मात्र आधी समजून घ्यावी. ‘व्यापारी कारणासाठी’ वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच मानला जातो. म्हणजे एकच गाडी घेऊन तिच्यावर स्वतः राबणाऱ्या माणसाची बाजू भक्कम असते, तर आठ गाड्या आणि आठ चालक ठेवणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागू शकतो. तक्रारीत आपली उपजीविका याच गाडीवर चालते हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. आधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अपघातग्रस्त गाडी तज्ज्ञाने तपासण्यापूर्वी दुरुस्त करून टाकू नये आणि तुटलेला भाग भंगारात देऊ नये. पुरावा बहुतेक वेळा तेथेच हरवतो.

‘रिकॉलसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला आहे.

ठेवून द्यावा. रिकॉलच्या कामाला ओटीपी, बँक खाते किंवा आगाऊ रक्कम लागत नाही. शंका असल्यास आपण स्वतः वर्कशॉपच्या ओळखीच्या क्रमांकावर फोन करून चेसिस नंबर सांगावा.

दुरुस्ती झाली, तरी गिअर पूर्वीसारखाच अडखळतो.

दोन शक्यता असतात. एक तर रिकॉलचा भाग नीट बसलेला नाही, किंवा जुना बुश सैल असताना गिअर अर्धवट पडत राहिल्याने आतले दातेही खराब झाले आहेत. दुसरी शक्यता असेल तर ते नुकसान मूळ दोषामुळेच झाले, हे मुद्द्याने मांडून गिअरबॉक्स उघडून तपासण्याची लेखी मागणी करावी. वर्कशॉपमधून निघण्यापूर्वीच फोरमनला शेजारी बसवून गाडी एक फेरी फिरवावी, सगळे गिअर रिव्हर्ससकट टाकून पाहावेत, आणि जवळ एखादा उतार असेल तर तेथे गाडी गिअरमध्ये उभी करून, ब्रेकवर पाय तयार ठेवून, हॅन्डब्रेक हळूच सोडून पाहावा. गाडी हलली, तर जॉब कार्ड बंद करू देऊ नये.